शिट्टी कोणाच्या हाती?

आपली पोरे खेळात कुठेच कमी नाहीत. आमच्या वरवे बुद्रुकपासून मुंबईच्या चाळींपर्यंत कोणत्याही मैदानावर जाऊन पाहावे. कबड्डीत दम आहे, खो-खोत चपळाई आहे. पण संघ निवडणाऱ्या समितीत आपला माणूस किती ठिकाणी दिसतो? घाम गाळायला आपण आणि टेबलामागच्या खुर्चीवर दुसरेच, ही रीत फार जुनी आहे. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे हक्काचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

ही रीत मोडणाऱ्या एका माणसाची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत. हा माणूस अमेरिकेतला, पण त्याचे दुःख आपल्या ओळखीचे आहे.

जॉन मॅक्लेंडन यांचा जन्म १९१५ साली कॅन्सस राज्यात, कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. कॅन्सस विद्यापीठात ते शारीरिक शिक्षण शिकू लागले. १८९१ साली बास्केटबॉलचा शोध लावणारे डॉ. जेम्स नेस्मिथ तिथे त्यांचे गुरू होते. गुरू खेळाचा जनक, पण शिष्याला विद्यापीठाच्या संघात प्रवेश नाही, कारण कातडीचा रंग! मॅक्लेंडन तिथल्या पोहण्याच्या तलावात उतरले, तर मागाहून तलावातले सगळे पाणी काढून टाकण्यात आले. हे वाचून कोणाला महाड आठवणार नाही? आमच्या भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि मागून सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' केले. देश वेगळे, पण रोग एकच.

मॅक्लेंडन रडत बसले नाहीत. १९३६ साली त्यांनी पदवी घेतली आणि १९४० साली डरहॅम गावातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात ते मुख्य प्रशिक्षक झाले. चेंडू हाती येताच वाऱ्यासारखे धावायचे आणि समोरच्याला उसंत द्यायची नाही, हा वेगवान खेळ त्यांनी मुलांना शिकवला. त्याच गावात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्यांचा संघ होता. दोन्ही संघ एकत्र खेळणे तिथे कोणाला खपणारे नव्हते. बोभाटा झाला असता तर जिवावर बेतले असते. म्हणून १२ मार्च १९४४ च्या रविवारी, गाव चर्चमध्ये असताना, दारे बंद करून सामना झाला. मॅक्लेंडन यांची मुले ८८-४४ अशी जिंकली. नंतर तीच मुले गोऱ्या मुलांत मिसळून, मिश्र संघ करून पुन्हा खेळली. ही गोष्ट जगाला कळायला १९९६ साल उजाडले.

पण आम्हाला मोठेपण वाटते ते मैदानाबाहेरच्या कामाचे. कृष्णवर्णीय कॉलेजांना आपली मोठी स्पर्धा नव्हती. १९४६ साली ती उभी करणाऱ्यांत मॅक्लेंडन होते. राष्ट्रीय स्पर्धेची दारे या कॉलेजांना बंद होती. ती उघडावीत म्हणून त्यांनी इतर प्रशिक्षकांना जोडून घेतले, अर्ज केले, पाठपुरावा केला. कॅन्सस सिटीतल्या स्पर्धेचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी अट घातली की आमची मुले इतर संघांप्रमाणेच हॉटेलात उतरतील. पुढे नॅशविलच्या त्यांच्या संघाने १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. १९६६ साली क्लीव्हलँडच्या विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. प्रामुख्याने गोऱ्यांच्या विद्यापीठात हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच काळात ते देशाच्या ऑलिंपिक समितीच्या कामातही आले. १९९९ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. ती क्रीडा-प्रशासन शिकू इच्छिणाऱ्या अल्पसंख्य विद्यार्थ्यांना मिळते. खेळाडूंसाठी पुष्कळ शिष्यवृत्त्या असतात, ही खुर्चीवर बसू पाहणाऱ्यांसाठी आहे. यातच त्यांच्या जन्माचे सार आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला मोक्याच्या जागा काबीज करायला सांगितले. ती शिकवण कचेरीपुरती नाही, मैदानालाही लागू आहे. म्हणून आई-वडिलांना आमचे सांगणे आहे की, मुलगा किंवा मुलगी खेळात रमत असेल तर 'खेळून पोट भरते का?' असे म्हणून तिला मागे ओढू नका. गुडघे थकले की खेळ संपतो, पण ज्ञान संपत नाही. पंचांची परीक्षा आहे, शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, क्रीडा अधिकाऱ्याच्या पदासाठी स्पर्धा परीक्षा आहे. विहारातल्या अभ्यासवर्गात डॉक्टर-इंजिनिअरबरोबर या वाटांचीही माहिती द्यावी. तरुण मंडळांनी जयंतीचे सामने भरवताना हिशेब, नियम आणि पंचगिरी मुलांकडे, विशेषतः मुलींकडे सोपवावी. कारभार करूनच कारभार येतो.

चेंडू आपल्या पोरांच्या हाती आहेच. आता शिट्टी आणि निवडीची यादीही त्यांच्या हाती यावी. आणि ती आल्यावर त्यांनी कोणाचीही जात न पाहता न्याय करावा, म्हणजे समता मैदानावर उतरली असे म्हणता येईल.

जय भीम!