मनाची जखम आणि डोळ्यांची हालचाल

हाड मोडले तर आपण प्लास्टर घालतो. मनाला जखम झाली तर काय करतो? अपघात, आग, मारहाण, अत्याचार, डोळ्यांदेखत घरच्या माणसाचा मृत्यू, असे प्रसंग काहींचा वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाहीत. ती व्यक्ती झोपेतून ओरडत उठते, भांडे पडले तरी दचकते, त्या रस्त्याला फिरकत नाही. घरचे म्हणतात, "विसरून जा." शेजारी म्हणतात, "बाहेरचे आहे, उतारा करा." बंधू-भगिनींनो, दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. हा आजार आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी त्याची आपल्या यादीत नोंद केली.

या आजारावर एक वेगळाच उपचार आहे. १९८७ साली फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन बाई बागेत फिरत होत्या. मनात त्रासदायक विचार असताना डोळे भराभर इकडून तिकडे हलले की विचाराचा जोर ओसरतो, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी २२ जणांवर प्रयोग केला व १९८९ साली तो प्रसिद्ध केला. आज या उपचाराला 'ईएमडीआर' म्हणतात. रुग्णाने तो प्रसंग आठवायचा आणि त्याच वेळी तज्ज्ञाच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. मध्ये थांबून काय वाटले ते सांगायचे, पुन्हा सुरू करायचे. आठवण पुसली जात नाही, तिची नांगी मोडते.

हे खरे की थोतांड? शंका संशोधकांनीही घेतली. २००१ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा डोळे हलवले काय नि न हलवले काय, गुण सारखाच दिसला. २०१३ सालच्या तपासणीत मात्र हालचालीने फायदा वाढतो असे आढळले. मनाची एका वेळी पेलण्याची ताकद मर्यादित असते. आठवण आणि बोटे दोन्ही सांभाळताना आठवण फिकी पडते, असे काही संशोधक म्हणतात. गुण का येतो यावर वाद आहे, गुण येतो यावर फारसा नाही. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही या उपचाराची शिफारस केली.

मात्र घरी बोटे हलवून हा प्रयोग करू नका. उपचाराचे आठ टप्पे आहेत. आधी रुग्णाची तयारी करून घेतात, मगच जखमेला हात लावतात. शिकलेल्या माणसाशिवाय ती उघडली तर त्रास वाढेल.

अशा प्रसंगानंतर बरेच जण काही आठवड्यांत आपोआप सावरतात. महिना उलटूनही त्रास असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा किंवा 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीत बोलता येते. आणि घरातल्या त्या माणसाला "विसर" म्हणण्याऐवजी "चल, मी बरोबर येते" एवढे म्हणा.