अंगणांतलें पाणी

घर बांधतांना शेजाऱ्याचा उजेड अडवूं नये, त्याची वाट अडवूं नये, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु आपल्या घरावर पडलेला पाऊस त्याच्या दारांत लोटूं नये, हें भल्याभल्यांच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याही आलें नव्हतें. म्हणून या महिन्यास आमचीच एक चूक वाचकांपुढें मांडतों.

आमचें वास्तव्य येलदरीस. पूर्णा नदीवर १९६८ सालीं पुरें झालेलें येथील धरण सुमारें ९३ कोटी घनमीटर पाणी सांठवितें. वरच्या मुलखांतून पुराचा लोंढा एकदम येतो. धरण तो पोटांत घेतें आणि पुढें बेताबेतानें सोडतें. जलाशय भरून दारें उघडण्याची वेळ आलीच, तर कांठच्या गांवांस आधीं इशारा देतात. ही व्यवस्था आम्ही शाळेंत मुलांस कौतुकानें समजावून देत असूं. तोच न्याय आपल्या अंगणासही लागूं पडतो, हें मात्र सेवानिवृत्तीनंतर कळावयाचें होतें.

चार पैसे गांठीं आले तेव्हां चिखलाचा कंटाळा येऊन आम्हीं सारें अंगण काँक्रीटनें बांधून काढलें. घरची मंडळी खूष झाली. पुढच्या मृगांत एके रात्रीं जोराचा पाऊस झाला. सकाळीं उतारावरच्या घरांतील बाई ओट्यापाशीं येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, अंगण लई झाक झालंय तुमचं. पण रात्री तुमचं पाणी आमच्या घरी मुक्कामाला आलं होतं."

जाऊन पाहतों तों ज्वारीचीं दोन पोतीं भिजलेलीं आणि मागची मातीची भिंत फुगून तिला भेग गेलेली. दुसऱ्यास पीडा देणें हें पाप, असें त्यांच्या मुलास वर्गांत आम्हींच शिकविलें होतें. आमची मान वर होईना.

दिवाळीस चिरंजीव पुण्याहून आले. 'हरित इमारत' असें प्रमाणपत्र देण्याची जी पद्धति निघाली आहे, त्या कामांत ते असतात. आजवर आमची समजूत अशी कीं, हें प्रमाणपत्र म्हणजे झाडें लावल्याची शाबासकी. त्यांनीं ती दूर केली. अमेरिकेंत निघालेल्या 'लीड' पद्धतीच्या २००९ सालच्या नियमांत पावसाच्या पाण्यासाठीं स्वतंत्र गुण होते. ज्या जागेचा निम्म्याहून अधिक भाग आधीं झांकलेला नाहीं, तेथें बांधकामानंतर बाहेर जाणारें पाणी, वेगानें आणि एकूण मापानें, पूर्वीपेक्षां वाढतां कामा नये. निम्म्याहून अधिक जागा आधींच झांकलेली असेल, तर तें चतुर्थांशानें घटवावें. यासाठीं दोन वर्षांतून एकदां येण्याजोगा चोवीस तासांचा पाऊस हिशेबास धरीत. पुढें नियमाचें रूप बदललें, तरी आपला पाऊस शक्य तों आपल्याच जागेंत जिरवावा, हें तत्त्व कायम राहिलें. याच पद्धतीचें सर्वोच्च प्रमाणपत्र अमेरिकेबाहेर प्रथम मिळविणारी इमारत आपल्या जवळच, हैदराबादेंत आहे. सोहराबजी गोदरेज यांच्या नांवाच्या त्या केंद्रास तें २००३ सालीं मिळालें.

मग आम्हीं पाटी घेतली. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमची गच्ची १०० चौरस मीटर, अंगण १५०. त्या रात्रीं ६० मिलिमीटर पाऊस धरला, तर १५,००० लिटर झाले. काँक्रीटवरून दहांतले नऊ हिस्से वाहून जातात असें मानलें, तरी साडेतेरा हजार लिटर पाणी एका रात्रींत आम्हीं त्या बाईंच्या भिंतीवर धाडलें होतें! जुन्या मुरमाच्या अंगणानें त्यांतलें पुष्कळसें स्वतःच पिऊन टाकलें असतें.

उपाय फारसा खर्चाचा नाहीं. गच्चीचें पाणी जाळी लावून ५,००० लिटरच्या टांकींत घेतलें. निम्मी फरशी फोडून तेथें मुरूम आणि फुलझाडें केलीं. उरलेल्या भागाचें पाणी दोन मीटर लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच खोल शोषखड्ड्यांत सोडलें. दगडगोटे भरलेल्या खड्ड्यांतली दहांतली चार हिस्से जागा मोकळी राहते, म्हणजे एका वेळीं सुमारें ३,२०० लिटर पाणी मावतें, आणि पाऊस चालू असतांनाही तें खालीं मुरत राहतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. आमच्या परभणीकडची काळी माती भिजली कीं फुगते, आणि मग पाणी आंत घेईनाशी होते. तेवढ्यांतच खणलेला खड्डा नुसतें डबकें होतो. मुरूम लागेपर्यंत खणावें, आणि खड्डा पायापासून दूर ठेवावा. नाहीं तर शेजाऱ्याची भिंत वांचवितांना आपलीच तडकेल.

महाराष्ट्र शासनाच्या २०२० सालच्या एकत्रित नियमावलीनें ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजलाचा संचय सक्तीचा केला. आमची जागा त्याहून लहान. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें आम्ही निर्दोषच ठरलों असतों. परंतु कौटिल्यानें अशी सूट दिल्याचें आम्हांस आढळलें नाहीं. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत, पाण्याची वाट शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर सोडून आणि नीट उतार देऊन करावी, असें सांगून त्यानें मोडणाऱ्यास ५४ पण दंड लिहून ठेविला आहे. हा ग्रंथ आम्हीं तरुणपणीं वाचला होता. दंडाचा आंकडा तेवढा पाठ राहिला, अर्थ अंगणांत उतरला नाहीं.

बाईंची भिंत आम्हीं दुरुस्त करून दिली. ज्वारीचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत. दोन पोतीं ज्वारीच दिली, ती मात्र घेतली. यंदा श्रावणांत तसाच पाऊस झाला तेव्हां आम्ही छत्री घेऊन मध्यरात्रीं फाटकाशीं उभे राहिलों. गटारांत पाण्याची बारीक धार होती, एवढेंच. खालच्या घरांत दिवा नव्हता. मंडळी निजलेलीं होतीं. आम्हीही आंत येऊन निजलों.