मुलांचे अपघात : दैव नव्हे, हयगय

शेतावर मूल विहिरीत पडले की दैवाला अथवा मातेला बोल लावला जातो. परंतु खुरपणीत गुंतलेल्या मातेची नजर मुलावर अखंड कशी राहावी? अपघाती मृत्यू येणाऱ्या मुलांपैकी शेकडा ९५ हून अधिक मुले गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा २००८ चा अहवाल सांगतो. दैव असा देशभेद करीत नाही. कठड्यावाचून विहीर, कुंपणावाचून शेततळे, पाण्याच्या बाटलीत ओतलेले कीटकनाशक व उघडे कडबाकुट्टी यंत्र ही आपल्याकडील संकटस्थाने होत. निकामी कूपनलिका जमिनीच्या पातळीपर्यंत बुजवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्देश आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी पिकांबरोबर या जागांचीही पाहणी करावी व शेतकऱ्यांनी प्रथम विहिरीस कठडा बांधावा.