सिगारेटला एक न्याय, बाटलीला दुसरा का?

खारघर, बेलापूर, नेरुळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली येथील रहिवाशांस,

सोसायटीच्या जिन्यात कोणी सिगारेट पेटवली तर शेजारी दार उघडून जाब विचारतात, आणि ते योग्यच आहे. त्याच सोसायटीच्या गच्चीवर एकतीस डिसेंबरला किंवा गटारीला बाटल्या उघडल्या, तर हेच शेजारी 'वर्षातून एकदा तर बसतात' म्हणून गप्प राहतात. सिगारेट ओढणारा आपल्या लेखी व्यसनी, पिणारा मात्र 'थोडी घेतो'. झोपडीत देशी पिणारा दारुडा आणि हॉटेलात विदेशी पिणारा शौकीन, हा भेदही आपलाच. आमचे म्हणणे एवढेच आहे की दोन्ही पदार्थांना एकच माप लावा. सिगारेटवरची बंधने तसूभरही सैल होऊ नयेत. तोच कठोरपणा दारूच्या वाट्याला यावा.

सिगारेटची प्रतिष्ठा आपोआप गेलेली नाही. १९९६ साली भारतीय उपखंडात झालेला क्रिकेटचा विश्वचषक 'विल्स' या सिगारेटच्या नावाने खेळवला गेला, आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी लागू झाली. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापला. कायदा, कर आणि शाळाशाळांतून झालेला प्रचार, यांनी मिळून ही सवय लाजिरवाणी ठरवली. आता बाटली हातात घेऊन पाहा. मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढीच ताकीद बारीक अक्षरांत असते, तीही २०१९ पासून. कर्करोगाचे नाव त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र १९८८ मध्येच मद्य हे माणसात कर्करोग घडवणारे ठरवले आणि आज ते तंबाखूबरोबर पहिल्याच गटात आहे. पोटात गेलेल्या मद्यार्कापासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे. दारू आणि तंबाखू एकत्र आली की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संस्था आपल्या खारघरमध्येच आहे. तिच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तरी हे ठाऊक असायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की धूर दुसऱ्याच्या छातीत जातो, दारू ज्याची त्याच्याच पोटात. तंबाखूने होणारे मृत्यू अधिक आहेत, हे आम्ही मान्य करतो. जगात दरवर्षी तंबाखूमुळे ८० लाखांच्या आसपास माणसे जातात. मद्यामुळे २०१९ मध्ये सुमारे २६ लाख गेली. पण दारूचा खर्च फक्त मृत्यूंत मोजता येत नाही. पाम बीच रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर पिऊन गाडी चालवणारा समोरच्याचाही जीव घेतो. घरात मार खाणारी बायको आणि फीचे पैसे गुत्त्यावर गेल्याने शाळा सुटलेले मूल यांची नोंद त्या आकड्यांत होत नाही. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी 'आडवी बाटली'चे मतदान आहे, आणि ते मागण्याचा हक्क गावातल्या, वॉर्डातल्या स्त्रियांना स्वतंत्रपणे दिला आहे. सिगारेटच्या टपरीविरुद्ध असे मतदान स्त्रियांना कधी मागावे लागले नाही. दारू कोणाच्या पाठीवर उतरते, हे कायदा करणाऱ्यांना पक्के माहीत होते.

दुसरा आक्षेप 'बेताने घेतली तर काय बिघडते' हा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याला धोका नाही अशी मद्याची कोणतीही मात्रा सांगता येत नाही. कमी घेणाऱ्याचा धोका कमी, हे खरे. पण दिवसाला दोनच सिगारेटी ओढणाऱ्याला आपण अशी सूट देत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: बंदी टिकत नाही आणि चोरटी दारू सुरू होते. चंद्रपूरची २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवावी लागली. चोरटी दारू किती घातक असते हे २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले तेव्हा मुंबईने पाहिले. आम्ही हे नाकारत नाही, आणि म्हणूनच संपूर्ण बंदी मागत नाही. सिगारेटवरही बंदी नाही. ती विकली जाते, पण तिची जाहिरात होत नाही, तिचा गौरव होत नाही. दारू मात्र सोड्याच्या आणि पाण्याच्या जाहिरातींआडून घराघरांत येते, आणि एका लोकप्रिय क्रिकेट संघाचे नाव व्हिस्कीच्या ब्रँडवरून ठेवलेले चालते.

राहिला महसूल. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद झाला. जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढवताना सरकारने सुमारे १४,००० कोटींच्या जादा उत्पन्नाचा अंदाज बांधला. दर वाढवणे चांगलेच. महाग दारू कमी खपते. पण तिजोरीने याच उत्पन्नावर भिस्त ठेवली, तर खप घटावा असे सरकारला मनापासून कसे वाटेल? त्या रकमेसमोर रुग्णालयांचा, अपघातांचा आणि बुडालेल्या रोजंदारीचा खर्च मांडून दाखवा, अशी आमची मागणी आहे.

खारघर दारूमुक्त राहावे म्हणून तेथील रहिवासी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले आहेत. त्यांना मागासलेले म्हणणाऱ्यांनी आपल्या इमारतीत तंबाखूचे दुकान चालेल का, हे आधी सांगावे. सोसायटीतील गाळ्यात बिअर किंवा दारूचे नवे दुकान उघडायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झाले आहे. हा विषय आपल्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. प्रमाणपत्र न देण्याचा ठराव करा, इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाला पोचपावती घेऊन द्या. बाटलीवर कर्करोगाचा ठळक, सचित्र इशारा हवा, ही मागणीही त्याच ठरावात लिहा.