परक्यांच्या शेवया
नूडल्स म्हणजे परक्यांच्या शेवया. त्यांत ना दूध, ना गूळ, अशी आमच्या सौभाग्यवतींची व्याख्या. गेल्या नाताळच्या सुटीत कलकत्त्यास गेलो आणि ती तपासून पाहण्याचा योग आला.

वाचकहो, तिकडे गेलात तर दोन ठिकाणे ध्यानात ठेवा. पहिले तिरेट्टा बाजार. रविवारी भल्या पहाटे जावे. माशांच्या गोळ्यांचे वाफाळते सूप रस्त्यावरच मिळते. उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला रिकामी पातेली!

दुसरे टँगरा. येथे हाक्का चिनी लोकांचे कातडी कमावण्याचे कारखाने होते. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते शहराबाहेर हलविण्याचा हुकूम दिला, आणि कित्येकांनी खाणावळींवरच संसार सावरला. लोखंडी कढईत, मोठ्या आचेवर, क्षणभरात परतलेल्या तिथल्या शेवया! धुराचा तो किंचित वास जिभेवर रेंगाळतो.

गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांना मी सहज विचारले, "आपण चीनमधून कधी आलात?"

"जन्म इथलाच," ते म्हणाले. "लहानपणी एकदाच लांब गेलो. 1962 साली, राजस्थानात, देवलीला."

युद्धामुळे सुमारे 3000 भारतीय चिन्यांना तेथील छावणीत डांबले होते, हे मी वाचले होते. वाचलेले असे समोर येऊन उभे राहील, हे मात्र ध्यानीमनी नव्हते. काय बोलावे ते सुचेना.

"आणखी थोड्या घ्या," ते म्हणाले. मी मुकाट्याने ताटली पुढे केली.

घरी येताच पृच्छा झाली, "कशा होत्या परक्यांच्या शेवया?"

म्हटले, "शेवया उत्तम. व्याख्या तेवढी चुकली!"