पंप कुठला घेतलास?

आठवा महिना लागला की प्रश्न बदलतात. तोवर डोहाळे, सोनोग्राफी, नाव काय ठेवणार वगैरे चाललेलं असतं. मग आयटीतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: पंप कुठला घेतलास? हाताचा की इलेक्ट्रिक, सिंगल की डबल, नळीवाला की ब्राच्या आत बसणारा? किंमत दोन हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत, वाट्टेल ती. आमच्या ग्रुपवर तर एक एक्सेल शीट फिरते. एकीने सुरू केली, पुढच्या प्रत्येक बाळंतिणीने तिच्यात एकेक कॉलम वाढवला. बॅटरी किती टिकते, मोड किती, आवाज किती, यूएसबी-सी आहे का. इंजिनिअर बायका बाळंत होणार म्हटल्यावर दुसरं काय होणार!

त्या शीटमध्ये चार कॉलम मात्र कधीच कुणी घातले नाहीत. दूध काढायचं कुठे? किती वाजता? काढलेलं ठेवायचं कुठे? आणि ते सगळे सुटे भाग धुवायचे कुठे?

पंपाची चौकशी करणं चूक नाही. पण बाईने सगळ्यात आधी पंपाचीच चौकशी करावी, आणि तिथेच थांबावं, अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे. त्यात बऱ्याच जणांची सोय आहे.

आधी यंत्राबद्दल, म्हणजे मी पंपाच्या विरोधात आहे असं कुणाला वाटायला नको. इंजिनिअरिंगला असताना मला पान्हा म्हणजे स्पॅनर एवढंच माहीत होतं. दुसरा पान्हा बाळ झाल्यावर कळला. बाळ ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध वाहायला लागतं. चांगला पंप याचीच नक्कल करतो. सुरुवातीला हलके, भराभर झटके आणि पान्हा फुटल्यावर सावकाश, जरा जोराची ओढ. बस, एवढंच. बाकी ‘नऊ लेव्हल’, ‘शंभर कॉम्बिनेशन’ हे आमच्या क्षेत्रातल्या पोरांनी ब्रोशरसाठी केलेलं काम आहे. खोक्यावर ठळक छापलेला जास्तीत जास्त ओढीचा आकडा तर निव्वळ मिरवण्यासाठी असतो. दुखायला लागेपर्यंत ओढ वाढवली म्हणून दूध जास्त येत नाही. दुखलं तर पान्हा आखडतो, म्हणजे उलटंच होतं. ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दालाही काही ठरलेला अर्थ नाही. अमेरिकेतलं अन्न आणि औषध प्रशासन तर ही संज्ञा मानतच नाही.

खरं महत्त्व असतं ते कंटाळवाण्या गोष्टींना. पंपाचं जे नरसाळं छातीला लावतात, त्याचा व्यास. खोक्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचं येतं, आणि अनेकींना त्याहून लहान लागतं. पट्टी घेऊन निपलची रुंदी मोजायची, भोवतीचा काळा भाग धरायचा नाही. नरसाळ्यात निपल मोकळं हलायला हवं. हे दहा रुपयांच्या पट्टीचं काम आहे, पण रिव्ह्यूच्या व्हिडिओंत ते शेवटच्या मिनिटात उरकतात. दुसरं, दूध नळीत आणि मोटरमध्ये मागे जाऊ नये म्हणून मध्ये पडदा आहे का? नसेल तर नळीत बुरशी धरते आणि ती साफ करता येत नाही. तिसरं, तो रबरी व्हॉल्व्ह. तो झिजतो, झिजला की ओढ कमी होते आणि बाई समजते आपलंच दूध आटलं. मग घरात अळीव, शतावरी, डिंक यांचा मारा सुरू होतो. दोष असतो एका रबराच्या तुकड्याचा. तो व्हॉल्व्ह तुमच्या गावात सुटा मिळतो का, हे पंपाच्या मोडपेक्षा आधी बघा.

झालं. खरेदीचा सल्ला एवढाच. याच्यापुढे जे आहे ते दुकानात मिळत नाही.

आता ब्राच्या आत बसणाऱ्या पंपाची जाहिरात आठवा. सगळ्या साधारण एकसारख्याच असतात. ब्लेझर घातलेली बाई लॅपटॉपवर टाइप करतेय, हसतेय, समोर मीटिंग चालू आहे, आणि कुणाला पत्ताही नाही की तिचं दूध निघतंय. नीट बघितलं तर ही जाहिरात आईसाठी वाटतच नाही मला. ती मॅनेजरसाठी आहे. ‘हिला ब्रेक द्यायची गरज नाही, खोली द्यायची गरज नाही, हिचा एक तासही वाया जाणार नाही, तुम्हाला कळणारसुद्धा नाही.’ आणि त्याचे वीस हजार रुपये मात्र तिनेच भरायचे!

हा पंप वाईट असतो असं नाही. घरी कपड्यांच्या घड्या घालताना मीही वापरते. (वाकलं की सांडतं, हे जाहिरातीत नसतं.) पण स्टँड-अपमध्ये स्प्रिंटचा हिशोब देत असताना पान्हा फुटावा अशी अपेक्षा शरीराकडून करणं म्हणजे प्रॉडक्शनवर थेट कोड ढकलण्यासारखं आहे. ताण आला की ऑक्सिटोसिन अडतं. कुणीतरी दार ढकलेल या भीतीने येणारा ताणही त्यातच आला. वेळेवर दूध निघालं नाही की गाठी होतात, ताप येतो, आणि रोज असंच होत राहिलं की शरीर दूध बनवणंच कमी करतं. मागणी तसा पुरवठा. इतकी साधी सिस्टीम आहे ती, आणि तिला फसवता येत नाही.

ही यंत्रं आली कुठून, हेही बघण्यासारखं आहे. पंपाचं पेटंट अमेरिकेत १८५४ मध्येच निघालं होतं. १९२० च्या दशकात एडवर्ड लास्कर या इंजिनिअरने, जो बुद्धिबळातला मोठा खेळाडूही होता, यांत्रिक पंप बनवला. वेळेआधी जन्मलेली, ओढायची ताकद नसलेली बाळं त्या दुधावर जगली. हा पंपाचा सगळ्यात खरा उपयोग आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपल्याकडे मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली, तीही अशाच बाळांसाठी.

पंप हॉस्पिटलातून ऑफिसच्या बॅगेत आला तो मात्र वेगळ्या कारणाने. अमेरिकेत देशभर लागू असलेली पगारी बाळंतपणाची रजा आजही नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही सगळ्यांना नाही. दीड-दोन महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून कामावर जाणाऱ्या बाईपुढे पंपाशिवाय पर्यायच नव्हता. तिथल्या कायद्याने मग निदान पुढची पायरी तरी गाठली. २०१० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला दूध काढायला वेळ द्यायचा, आणि अशी जागा द्यायची जी बाथरूम नसेल आणि जिथे कुणी डोकावणार नाही.

२०१४ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये पंप सुधारण्यासाठी एक हॅकाथॉन झाली. इंजिनिअर, डिझायनर, आया, नर्स सगळे जमले. २०१८ मध्ये तीच मंडळी पुन्हा जमली, तेव्हा त्यांनी हॅकाथॉनला जोडून रजेच्या धोरणावर एक परिषदही ठेवली. मला हे फार आवडलं. मोटर कितीही सुधारली तरी बग दुसरीकडेच आहे, हे त्यांना चार वर्षांत समजलं.

आता आपलं. आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा कितीतरी चांगला आहे, हे आधी मान्य करते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आली. पण हिशोब करून बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणजे सहा महिनेच. पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. माझे पाच आठवडे आधीच गेले, कारण रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी हिंजवडीचा प्रवास बंद करायला सांगितलं. उरले २१. बाळ पाच महिन्यांचं व्हायच्या आत मी फेज थ्रीच्या चौदाव्या मजल्यावर हजर.

कायदा म्हणतो, कामावर परतलेल्या आईला बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीशिवाय आणखी दोन ब्रेक मिळतील. कशासाठी? बाळाला पाजण्यासाठी. हे कलम १९६१ चं आहे. त्यात कल्पना अशी की बाळ जवळच कुठेतरी आहे, आई जाऊन पाजून येईल. माझं बाळ धायरीत सासूबाईंपाशी, मी हिंजवडीत. ब्रेकमध्ये मी वाकडचा पूलसुद्धा ओलांडू शकत नाही. दूध काढून ठेवणं ही गोष्ट त्या कलमात नाहीच. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, हेही २०१७ मध्ये आलं. आमच्या कंपनीचं एका पाळणाघराशी ‘टाय-अप’ आहे. ते दोन वर्षांखालचं मूल घेत नाही. कागदावर टिक झाली.

मग रोजचा दिवस कसा असतो? सकाळी अकरा, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेपाच. दर खेपेला वीस मिनिटं पंपाची, आणि जोडणं, सोडवणं, धुणं, लेबल लावणं यांची पंधरा-वीस. म्हणजे दिवसाचे दोन तास. आमच्याकडे ‘वेलनेस रूम’ आहे. तिचं दार आतून लागत नाही आणि कॅलेंडरवर ती इंटरव्ह्यूसाठीही बुक होते. एकदा मी आत असताना एक पोरगा फाइल घेऊन आला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला. फ्रिज एकच, पॅन्ट्रीत, सगळ्यांच्या डब्यांचा. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास राहतं, फ्रिजमध्ये चार दिवस, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत २४ तास. म्हणून मी बॅग वापरते. अजून एक खांद्यावर.

महाराष्ट्रात एसटी स्टँडवर, सरकारी कचेऱ्यांत अशा खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात. खोल्या असणं उत्तमच. (कुलूप नसेल आणि आत झाडू-बादल्या ठेवलेल्या नसतील तर.) पण नावाचा विचार केला की मला थांबायला होतं. हिरकणीची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो, करायलाच हवं. पण कौतुकाची सवय अशी लागली आहे की आई दिसली की आपण तिच्यासाठी कडाच शोधतो. ऑफिसात माझ्या काळ्या बॅगेकडे बघून ‘सुपरमॉम!’ म्हणणारे सहा जण आहेत. अडीच वाजता मीटिंग लावू नका, असं म्हणणारा एकही नाही. दरवाजा उघडा ठेवला तर कडा उतरायला लागत नाही हो!

आणि ज्या पंपाला ॲप असतं त्याबद्दल वेगळं लिहायला हवं खरं तर. थोडक्यात सांगते. ते मिलिलिटरचा आलेख काढतं, कालपेक्षा आज १२ टक्के कमी असं सांगतं, सकाळी सकाळी. दिवसभर वेगवेगळ्या डॅशबोर्डसमोर बसणाऱ्या बाईला स्वतःच्या छातीचा डॅशबोर्ड नको असतो. पंपाने किती निघालं यावरून बाळ किती पितं हे कळतही नाही, कारण बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. मी ॲप काढून टाकलं.

आमच्या मजल्यावर हाउसकीपिंगला एक ताई आहेत. वेलनेस रूम त्याच पुसतात. मी पंपाचे भाग धूत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या धाकट्याच्या वेळी मी बाथरूममध्ये हातानेच पिळून टाकायचे, मॅडम. छाती दगड व्हायची.” टाकायच्या, म्हणजे बेसिनमध्ये. त्या कंत्राटदाराच्या माणूस, अडीच महिन्यांत परत आल्या होत्या. पंप कुठला घेतलास, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसेल. हाताने दूध काढणं ही चांगली पद्धत आहे, फुकट आहे, प्रत्येक बाळंतिणीला डिस्चार्जआधी शिकवायला हवी. पण त्यालाही खोली लागते, वाटी लागते, फ्रिज लागतो आणि वीस मिनिटं लागतात. त्यांच्या बाळाचं दूध बेसिनमध्ये गेलं ते पंप नव्हता म्हणून गेलं नाही.

मागच्या आठवड्यात टीममधल्या एका ज्युनिअरने विचारलं, “ताई, पंप कुठला घेऊ?” तिला सातवा महिना आहे. मी तिला पट्टीचं आणि व्हॉल्व्हचं सांगितलं, आणि मग आम्ही दोघींनी मिळून एचआरला मेल केला. आतून लागणारी कडी. खुर्चीजवळ प्लग. छोटा वेगळा फ्रिज. खोलीतच किंवा शेजारी बेसिन. कॅलेंडरवर ती खोली इंटरव्ह्यूंसाठी बंद. आणि हे सगळं हाउसकीपिंगच्या बायकांनाही वापरता येईल, असं दारावर मराठीत लिहिलेलं.

एचआरचं उत्तर अर्ध्या तासात आलं, हार्टच्या इमोजीसह. नव्या आयांना कंपनीकडून वेलकम किट द्यायचा विचार चालू आहे, त्यात पंप घालता येईल, कुठला चांगला ते सुचवाल का? बाकीच्या मुद्द्यांसाठी फॅसिलिटीजकडे टिकेट टाका.

टिकेट टाकलंय. कडी, प्लग, फ्रिज, बेसिन, बोर्ड, एकेक वेगळं. पंपाबद्दल उत्तर दिलेलं नाही.