साहेब कडक, फिर्याद बाकी

२०२५च्या ऑक्टोबरात नाशिक पोलिसांचे व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरले. कालपरवापर्यंत फ्लेक्सवर 'भाई' म्हणून झळकणारे, रीलमध्ये दहशत दाखवणारे लोक पोलिसांच्या गराड्यात हात जोडून उभे, आणि कॅमेऱ्यापुढं एकच वाक्य म्हणताहेत : 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला.' कुणी लंगडत येतोय, कुणाचा आवाज घशातच अडकतोय. हे व्हिडिओ मी बीडला नगर रोडवरच्या एका चहाच्या हॉटेलात चार-पाच जणांच्या खांद्यावरून पाहिले. हॉटेलातल्या मंडळींनी लगेच निकालपत्र मांडलं. 'ह्याची चाल बघ की, काल कसा चालत व्हता!' 'मागचा हवालदार बघ, नुसता गालात हसतोय.' 'साहेब कडकंय पण.' आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न : 'आपल्याकडं कव्हा व्हायचं असं?'

एकानंही विचारलं नाही की या माणसावर गुन्हा कोणता, कलम कोणतं, साक्षीदार आहे का, आणि कोर्टात हे टिकणार का. विचारायचं कारणही नव्हतं. आम्ही पाहत होतो तो कार्यक्रम होता, आणि कार्यक्रमात कलाकाराचं काम बघतात.

पोलिसाच्या वागण्याला घरबसल्या गुण द्यायची सवय आपल्याला टीव्हीनं लावली. १९९८ साली 'सीआयडी' सुरू झाली, २००३ साली 'क्राईम पेट्रोल' आली. शिवाजी साटमांच्या प्रद्युमननं बोटं फिरवली की आपण सावरून बसायचो, दयानं दार तोडलं की पोरं टाळ्या वाजवायची. झडतीला पंच होते का, पंचनामा कुणी लिहिला, हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तरी तिथं निदान नट होते. अमेरिकेत खऱ्या पोलिसांसोबत कॅमेरा घेऊन फिरणारी 'कॉप्स' १९८९ सालीच सुरू झाली होती. पुढं २०१६ पासून 'लाइव्ह पीडी' आली; तिच्यातल्या पोलिसांचे तर चाहते तयार झाले. कोण थंड डोक्याचा, कोण विनोदी, कुणाचा कुत्रा हुशार, यावर लोक रात्र रात्र वाद घालायचे.

त्याच 'लाइव्ह पीडी'ची एक गोष्ट आहे. मार्च २०१९ मध्ये टेक्सासच्या विल्यमसन काउंटीत समोरून येणाऱ्या पोलिसांसाठी गाडीच्या हेडलाइटचा झोत कमी केला नाही, एवढ्या कारणावरून एका माणसाचा पाठलाग सुरू झाला. शेवटी त्याला पाडून विजेचे झटके दिले गेले, आणि श्वास घेता येत नाही असं सांगत तो मेला. 'लाइव्ह पीडी'ची टीम तिथंच चित्रीकरण करत होती. ते चित्रण कधी दाखवलं गेलं नाही, पुढं नष्ट झालं. वर्षभरानंतर, जून २०२०मध्ये, प्रकरण बाहेर आलं आणि कार्यक्रम बंद पडला. मधल्या काळात चाहते दर आठवड्याला पोलिसांना गुण देतच होते. त्यांना जेवढं दाखवलं, तेवढ्यावर.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली ९ डिसेंबर २०२४ला. तिच्या तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, गावाजवळच्या पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर भांडण झालं, सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. गावकऱ्यांचा तेव्हापासूनचा आक्षेप असा की ६ तारखेच्या तक्रारीची दखल जशी घ्यायला पाहिजे तशी घेतली असती, तर ९ तारीख उजाडली नसती. खरं-खोटं ठरवायला चौकशी आहे, न्यायालय आहे. पण आक्षेप कशावर होता बघा. कोणत्या अधिकाऱ्याचा आवाज खाली होता, कुणी काठी उगारली नाही, यावर नव्हता. ठाण्यातल्या टेबलावर एक कागद कधी आणि कसा लिहिला गेला, यावर होता. त्या तीन दिवसांत रील करण्यासारखं काही नव्हतं. जे व्हायला हवं होतं ते कुणी बघायलाही थांबलं नसतं.

नंतर मात्र दाखवण्यासारखं भरपूर झालं. ३१ डिसेंबरला एक प्रमुख आरोपी आधी स्वतःचा व्हिडिओ सोडून, मग गाडीत बसून पुण्यात सीआयडीपुढं हजर झाला. पाठीराख्यांची गर्दी आधीच जमलेली. पोलीस अधीक्षक बदलले, केजच्या ठाण्यातला अधिकारी निलंबित झाला, एसआयटी नेमली गेली. २०२५च्या एप्रिलमध्ये तर आधीच निलंबित असलेला बीडचाच एक उपनिरीक्षक स्वतः व्हिडिओ करू लागला. रोज नवा भाग, रोज नवा गौप्यस्फोट, आपल्याला एन्काउंटरची ऑफर होती असा दावासुद्धा. त्याचे आरोप कुठं सिद्ध झाले नव्हते, पण निकाल लोकांनी लावून टाकला. अर्धा जिल्हा म्हणाला वाघ आहे, अर्धा म्हणाला नाटकी आहे. पुढं तो खात्यातून बडतर्फ झाला आणि लोकांनी पुढचा व्हिडिओ लावला.

बीडच्या चाहत्याची आणखी एक खोड आहे. तो साहेबांची कारवाई बघायच्या आधी छातीवरची पाटी वाचतो. आडनाव आपल्यातलं असेल तर साहेब शिस्तीचे; नसेल तर तीच काठी सूडाची. २०२५च्या सुरुवातीला अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली, नुसतं नाव ठेवलं. जिल्ह्यात बरेच जण हसले. मला हसू आलं नाही, कारण आम्हाला ओळखूनच केलेला तो उपाय होता. पाटी हवीच. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सांगितलं. पाटीचा उपयोग एवढ्यासाठी, की चुकला तर कुणाविरुद्ध तक्रार करायची ते कळावं. आम्ही तिच्यावरून जात शोधत होतो.

उन्हाळ्यात एका शेतकऱ्यासोबत ठाण्यात गेलो होतो. जिल्ह्यातलंच ठाणं, नाव सांगत नाही. त्याची विहिरीवरची पाच एचपीची मोटार आणि केबल रात्रीतून गेलेली. ठाणे अंमलदार वयानं पोक्त, बोलायला गोड. खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. 'दादा, ऊन लई आहे, निवांत बसा.' मग विचारलं, 'मोटारीचं बिल आहे का?' सात-आठ वर्षांपूर्वीच्या मोटारीचं बिल कुठलं असणार? 'मग जुन्या मोटारीची किंमत किती धरायची? चार हजार लिहू?' शेतकरी मान डोलावणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांबा. नव्या संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी सहसा अदखलपात्र धरतात, हे अंमलदाराला ठाऊक होतं, शेतकऱ्याला नव्हतं. चार हजार लिहिलं की गुन्ह्याची नोंद टळते, तपास टळतो, महिन्याच्या आकड्यात एक चोरी कमी दिसते. किंमत वाढवून मागितली तर अंमलदार हसून म्हणाला, 'सध्या अर्ज ठेवून जा, साहेब राउंडला गेलेत.' पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडं.

याचं रील केलं असतं तर लाखभर लाइक मिळाले असते. म्हाताऱ्या शेतकऱ्याला पाणी देणारा, दादा म्हणणारा पोलीस! वागणुकीला दहापैकी दहा. गुन्हा मात्र नोंदला गेला नाही.

एवढ्याचसाठी मला हे गुण देणं खटकतं. कानाखाली वाजवणारा साहेब आणि पाणी देणारा अंमलदार, दोघांनाही आपण वागणुकीवर पास करतो. काम तपासायचं राहूनच जातं. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला तेव्हा 'बदला पुरा'चे फलक लागले, पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकारी चौकशीच्या अहवालानं त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं, ते पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलं? त्याच्याही आधी, २०२३ साली, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका भाषणात 'सिंघम'चा शेवट काढून विचारलं होतं की नेत्यावर सगळं पोलीस दल तुटून पडतं तेव्हा न्याय झाला असं दाखवतात, पण झाला का? कायद्याच्या प्रक्रियेबद्दल आपल्याला धीर उरलेला नाही, हे त्यांचं दुखणं होतं. आपल्या जिल्ह्यात हा धीर सुटायला कारणं आहेत, हे मी नाकारत नाही. खटले वर्षानुवर्षं चालतात, साक्षीदार फुटतात, वरून फोन येतात. म्हणून तर गुंडाला लंगडताना बघून गार वाटतं. पण ज्या हातांनी आज तो लंगडतोय, त्याच हातांनी उद्या फोन आल्यावर कुणाचा मुलगा लंगडेल, हे ठरवणारे आपण नसू.

कॅमेराच वाईट, असंही नाही. मस्साजोगच्या प्रकरणात कॅमेऱ्यानंच डोळे उघडले. केजमधलं सीसीटीव्ही चित्रण जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आलं, त्यात आरोपी मंडळींच्या आसपास एक पोलीस अधिकारी दिसला आणि जिल्हा हादरला. मार्चमध्ये दोषारोपपत्रातले फोटो बाहेर आले आणि एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. प्रश्न कॅमेरा कुणाच्या हातात आहे, हा आहे. पोलिसांनी काढलेलं रील पोलिसांना हवं तेवढंच दाखवतं. पोलिसांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची कथा वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात दारापासून कोठडीपर्यंत आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण दीड वर्ष जपून ठेवायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण कित्येक ठिकाणी कॅमेरे नाहीत, आहेत ते बंद. रील काढायच्या मोबाईलचं चार्जिंग मात्र कधी संपत नाही.

पहाटे बीडच्या मैदानांवर पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, मग गोळाफेक. मैदानीचे ५० गुण, लेखीचे १००. पळून झाल्यावर घाम पुसत ती मोबाईलवर हेच व्हिडिओ बघतात. उद्या त्यांच्यातलंच कुणी ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसणार आहे. समोरच्याचं ऐकून घेऊन फिर्याद नीट लिहिण्याला भरतीत गुण नाहीत. निदान बघणाऱ्या लोकांनी तरी ते ठेवावेत.

गुण द्यायचेच तर प्रश्न सोपे आहेत. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आली की ती नोंदवलीच पाहिजे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच ठरलं आहे. ठाण्यानं नोंदवली का? फिर्यादीला प्रत फुकट मिळायची, मिळाली का? नोंदवायला नकार दिला तर अधीक्षकांकडं लेखी पाठवता येतं, हे ठाण्यानं सांगितलं का? तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं, कळवलं का? झडतीचं चित्रीकरण झालं का? हे प्रश्न चहाच्या हॉटेलात रंगत नाहीत, मान्य आहे. पण ग्रामसभेत विचारता येतात, शांतता समितीच्या बैठकीत विचारता येतात, आणि माहितीच्या अधिकारात तर दहा रुपयांत विचारता येतात.

चांगल्या अधिकाऱ्यावर जीव लावायला बीडकर कधी मागं नव्हता. २०१३ साली जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांच्या बदलीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, आणि त्यात मला गैर काही वाटत नाही. पण कितीही लोक उतरले तरी बदल्या व्हायच्या थांबत नाहीत. कडक साहेब जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, फ्लेक्सवरचा फोटो बदलतो. अर्ज ठेवून घ्यायची ठाण्याची सवय मात्र तिथंच राहते. फॅन आपण साहेबांचे असतो, पण राहायला असतो ठाण्याच्या हद्दीत.